चार भोकं

आराल यायच्या चाळीस किलोमीटर आधी, डाव्या हाताला,
जिथे रस्त्याकडेला कायम दोनच उंट उभे असतात
(तेच ते नसणार, पण मला तेच वाटतात),
तिथे गाडी वळवली.
मागच्या सीटवर शिमकेंतची नऊ खरबुजं,
पुढे कुलाश, पाय आखडलेले, मांडीवर डबा.
साडेआठशे झाले होते. उरलेलं उद्या.
लेकीच्या घरी दुपारच्या चहाला पोचायचं, असं ठरलेलं.

बातिमानं मला ओळखलं नाही.
ओळखलं माझ्या सहीला.
"ओरिनबाय! तू ट्रकवाला ना? आणि ही कोण?"
"बायको."
"म्हणजे खरंच होती," बातिमा म्हणाली,
आणि सहा नंबरची किल्ली दिली,
लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली,
कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून.

खरबुजं मी दोन खेपांत आत आणली.
गाडीत रात्रभर वाफाळली असती.
भिंतीजवळ मांडली, खोली गोड वासानं भरली,
खालचा जुन्या सिगरेटींचा वास मात्र गेला नाही.
कुलाशनं पेले विसळले. उशीचा वास घेतला.
भिंतीवरच्या धबधब्याच्या चित्रावरून बोट फिरवून
बोटाकडे पाहिलं.
मग कॉटच्या कडेवर बसली,
लग्नघरी लवकर पोचलेली बाई बसते तशी.

"तर हे होय," म्हणाली.
"काय?"
"तू घरी नसायचास, तेव्हा इथे असायचास."

"इथेच असं नाही. अशा पन्नास ठिकाणी."
"मला तू चालत्या गाडीतच दिसायचास.
झोपत कुठे असशील, हे मनातच आलं नाही.
एक-दोनदा आलं. पण त्या खोलीला
मोठी खिडकी होती."

पलीकडे कुणीतरी घोरायला लागलं.
मला ते ऐकूही येत नाही. तिला येत होतं.

अकरा वाजता बातिमानं जनरेटर बंद केला.
अंधारात तिनं विचारलं,
"मारझान झाली तेव्हा फोन कुठून केला होतास?"

सत्तावीस वर्षं हा प्रश्न
आमच्या घरात जेवला, झोपला, म्हातारा झाला.
तो असा नव्हता, एवढंच.
तो असा असायचा: "मुलगी झाली म्हटलं,
तर नुसतं 'बरं' म्हणालास,
आणि ठेवून दिलास."
पाहुण्यांसमोर हसत. एरवी न हसता.

"इथूनच," मी म्हणालो. "बाहेरच्या बोळातून."
"इथून?"
"बर्फाचं वादळ होतं. तीन दिवस रस्ता बंद.
एकच फोन, आणि माझ्यामागे रांग.
अकरा ड्रायव्हर, पायात नुसते मोजे,
सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी.
माझ्या मानेवर मागच्याचा श्वास लागत होता.
मला घशातून दुसरा शब्द काढता येईना.
काढला असता तर रडलो असतो, अकरा जणांसमोर."

ती काही बोलली नाही.
मग कॉट करकरली.
अनवाणी गेली ती, मोबाइलचा उजेड धरून.
मीही गेलो.

फोन केव्हाच काढलेला.
हिरव्या ऑइलपेंटवर एक चौकोन, जरा जास्त हिरवा,
आणि स्क्रूची चार भोकं.
खाली पेन्सिलीनं कुणाकुणाचे नंबर.
तिनं एका भोकात करंगळी घातली,
काढली, तिच्यावरचा चुना फुंकला.
"रांग कुठपर्यंत होती?"
मी दाखवली. पार समोवारपर्यंत.
ती तिथवर चालत गेली, आणि तिथून
माझ्याकडे बघत उभी राहिली, बराच वेळ.
शेवटच्या माणसाला दिसलं असेल तेवढंच
तिला दिसत असणार: माझी आकृती, भिंत.

सकाळी तिनं अंथरुण असं घातलं
की बातिमानं विचारलं, झोपलात ना नक्की?
पैसे देताना कुलाशनं टेबलावर एक खरबूज ठेवलं,
सगळ्यात मोठं. मला न विचारता.
लेकीसाठी आठ उरली.

उंट रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले होते.