तीन कट्टे न् नऊ

गाडीचे हप्ते चौऱ्याऐंशी.
आईला मी वर्षांत सांगितलं, महिन्यांत सांगितलं.
तिनं बोटं मोडली आणि म्हणाली,
म्हणजे तीन कट्टे न् नऊ की.
पंचवीस विड्यांचा एक कट्टा.
चाळीस वर्षं तिनं जग असंच मोजलंय.

होटगी रोडच्या शोरूममध्ये पोरगा म्हणाला,
मॅडम, फॅमिली किती जणांची?
तिघांची, मी म्हटलं.
त्यानं सनरूफ उघडून दाखवलं.
नायना वर बघत राहिले.
"ऊन आत घ्यायला पैसे जास्त?"
आम्ही बंद टपाची घेतली. पांढरी.

पाणी पाचव्या दिवशी, पहाटे तीनला.
आधी टाकी, मग पिंप, मग कळश्या,
उरलं तर गाडी.
उरत नाही.
म्हणून अर्धी बादली, आणि टॉवेल कारखान्यातले,
सेकंड निघालेले, कडेचा धागा सुटलेला.
नायना बॉनेट गोल पुसत नाहीत, उभं पुसतात,
ताण्याच्या दिशेनं.
आडवा हात लागला तर
मला रागानं बघतात, मी लावला नसला तरी.

गणपतीच्या आठवड्यात
डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले.
उंदरानं वायरिंग खाल्लं होतं.
अडतीस हजार चारशे.
मी पतसंस्थेत बसून
दुसऱ्यांच्या थकलेल्या हप्त्यांना फोन करते,
त्या दिवशी एकही फोन केला नाही.

रात्री आईनं जुनं लुगडं फाडलं,
तंबाखूच्या चार पुरचुंड्या बांधल्या,
बॅटरीशेजारी, फिल्टरखाली, जिथं हात पोचला तिथं.
उंदीर माझ्या सुपाला कधी शिवला नाही, म्हणाली.

तेव्हापासून एसी लावला की
पहिलं मिनिटभर आमची जुनी खोली येते.
माझ्या दप्तराला हाच वास होता.
बाकावरची मुलगी सरकून बसायची.
शोरूमनं दिलेली लव्हेंडरची बाटली
मी काढून ठेवली आहे, कुठे ते आठवत नाही.

नायना जॉबर होते.
साठ मागांच्या खडखडाटात
कुठला माग आजारी, पाठमोरे सांगायचे.
त्या खडखडाटानंच डावा कान नेला, उजवा निम्मा.
तुळजापूरच्या वाटेवर, सत्तरच्या वेगाला, म्हणाले,
"मागचं डावं गुणगुणतंय."
मला काही ऐकू आलं नाही.
महिबूब नदाफच्या गॅरेजात चाक उचललं, फिरवलं,
त्यालाही नाही.
मग नायनांनी त्याचा तळहात धरून स्प्रिंगवर ठेवला.
फिरव, म्हणाले.
दोघं बराच वेळ गप्प.
"आहे, चाचा."
बेअरिंगचे साडेचार हजार.
वाचले म्हणायचे की गेले,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

एप्रिलच्या दुपारी वीज गेली
की आम्ही तिघं गाडीत बसतो, दारासमोरच.
दहा मिनिटं, ही आईची अट.
ती मागे, मांडीवर सूप.
इथं पान तडकत नाही, म्हणते.
सीटच्या शिवणीत भुकटी जाते,
मी आरशात बघते आणि रस्त्याकडे बघते,
रस्ता काही कुठं चाललेला नसतो.
परवाचा हप्ता पंचविसावा.
तिनं दोरा काढून ठेवलाय.

वीज येते. मागच्या बोळातले माग सुरू होतात,
एक, मग तीन, मग मोजता येत नाहीत.
नायना काच दोन बोटं खाली करतात,
उजवा कान त्या फटीला लावायला
सगळे वळून बसतात.
गरम हवा आत येते.
"कडेचा तेल मागतोय," म्हणतात.
"झाली दहा," आई म्हणते. "बंद कर."
नायना काच आणखी दोन बोटं खाली करतात.