डावा ब्रेक

मागचं डावं चाक काढायला दोघे लागले,
एक मी, दुसरा उधारीवर आणलेला जॅक.
बस्त्यावने अॅक्सलखाली चार चिरे रचले,
माझेच, खेपेतले, कोपरे उडालेले,
आणि म्हणाला, आता हो पडलो तर दोष तुझ्या चिऱ्यांचो.

ड्रम निघेना.
रॉकेल सोडलं. विडी झाली. दुसरी झाली.
मग त्याने लाकडी ठोकळा धरून चौफेर ठोकलं,
फणस पिकलाय का बघावं तसं, कान लावून.
निघाला तेव्हा माझ्या मांडीवर सांडली
लाल धूळ, आमच्या खाणीची,
तिच्यात मिठाची रेघ, जेटीचा रस्ता उधाणात बुडतो त्याची,
आणि तळाशी, वंगणात घट्ट बसलेली,
काळी माती.

आजगावच्या तिठ्यापासून कुठल्याही दिशेला जा,
इथे काळी माती नाही.
ट्रॅक्टर घाटावरून आणलेला. कागदावर तिसरा मालक मी,
पहिल्याचं नाव ओलीने विरलंय.

बस्त्यावने दोन्ही बाजूंचे लायनर हातात ठेवले.
उजवा अजून जाड, सुपारीच्या खांडासारखा.
डावा पार झिजलेला, तांब्याची रिबिटं उघडी,
त्यांनी ड्रमवर ओढलेल्या रेघा नखाला लागत होत्या.
डावो कोणीतरी खाऊन टाकल्यान, तो म्हणाला.

म्हणजे तो माणूस
दर तासाच्या शेवटी डावीकडेच वळत होता.
उजवीकडे विहीर असेल,
किंवा भावाचा बांध,
किंवा डाव्या टोकाला बाभळीखाली पाण्याची कळशी.
किंवा नुसती खोड.
मला त्याचं तोंड माहीत नाही,
टाच माहीत झाली.

स्प्रिंग बसवताना उडाली, काजूच्या पाचोळ्यात गेली.
फिलू शाळेतून आली, दप्तर फेकलं,
फुटक्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून
पाचोळ्यावरून फिरवत राहिली.
दोन खिळे, एक सेफ्टी पिन, मग स्प्रिंग.
पिन तिने ठेवून घेतली.

संध्याकाळी दोन्ही पेडल कडीने जोडली,
दोनशे चिरे भरले, उतारावर घेतला.
गेले चार महिने दाबला की उजवीकडे ओढायचा, दरीकडे,
आणि मी स्टिअरिंग डावीकडे धरून
त्याच्या आईबापाचा उद्धार करायचो.
आज दाबला.
तो सरळ थांबत होता. मीच नव्हतो सरळ.
माझ्या हातांनी सवयीने डावीकडे वळवला
आणि पुढचं चाक गटारात.

मागे ट्रॉलीवर बसलेला बस्त्याव उतरला,
चाकाभोवती एक फेरी मारली, टॉर्च माझ्या तोंडावर धरला.
ब्रेक झालो, म्हणाला.
आता तुका खोलूक व्हया.