चिमटा

तीस वर्षं सेलमला दुसऱ्यांचं सोनं गाळलं.
विट्याला परत आणलं ते एवढंच:
तेजाबानं खाल्लेली छाती,
अकरा फुटक्या मुशी,
आणि हा चिमटा,
ज्यानं राखेतला मोहरीएवढा कण
मी पापणी न लववता उचलायचो.

मुशींच्या बुडाला भोकं पाडली.
विटेचा चुरा, येरळेची वाळू, थोडा कोळसा,
चमचाभर शेणखत. जास्त नाही.
जास्त खाऊ घातलं की हे नुसते फुगतात,
फुलायचं विसरतात.
आमच्यातले काही पाहुणे असेच आहेत.

यांची खरी नावं माझ्या जिभेला वळत नाहीत,
म्हणून गावांची नावं दिली.
डोक्यावर गुलाबी फुलांची चुंबळ घेऊन बसलेली ती गुंटूर.
पिवळं, कागदी, दुपारी बाराला उघडणारं ते इरोड.
ऊन कललं की दुकान बंद.
राजमुंद्री अजून फुललेली नाही.
माझी काही तिच्यावर उधारी नाही.

आणि हे सेलम.
भट्टीवरच्या पळणी नावाच्या पोरानं
निघताना हातात दिलेलं, लिंबाएवढं,
तमिळ पेपरात गुंडाळलेलं पिल्लू.
रेल्वेत मांडीवर घेऊन आलो.
सात वर्षांत नारळाएवढं झालं.
फूल नाही.

शालन म्हणायची,
"बांधावर फड्या निवडुंग हाय की बख्खळ.
आन् तुम्ही घरात काटं पाळताय.
दारात काटा, घरात भांडान."

मी तिला समजावलं,
थंडीत यांचं पाणी तोडायचं असतं.
दिवाळी ते शिमगा, थेंब नाही.
तशी तहान काढली की उन्हाळ्यात कळी धरते.

ती तांदूळ निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"मग मला ढिगानं फुलं याय पायजे हुती."

मी गच्चीवर गेलो.
तीस वर्षांतले एकत्र दिवस मोजायला बसलो.
जत्रा, दिवाळी, दोन बाळंतपणं, एक मयत.
बोटं पुरली नाहीत, पण वहीही लागली नाही.

मे महिन्यात सेलमच्या कुशीतून
लोकरीचं बोंडूक निघालं.
रोज पेरभर लांब.
नवव्या दिवशी टोक पांढरं पडलं,
आणि दहाव्या दिवशी मिरजेच्या डॉक्टरांनी
छातीच्या तपासण्यांसाठी
मला रात्रभर ठेवून घेतलं.

अकराला फोन वाजला.
शालन फोन करते
गॅस संपला तर, नाहीतर कोणी गेलं तर.

"उघडलंय."

मग बराच वेळ काहीच नाही.
मागं यंत्रमागांची खटखट,
एक कुत्रं,
तिचा श्वास.

"कसं आहे?"
"गडवाएवढं. पांढरंफेक.
आत हिरवट हाय जरासं, घशात."
"वास?"
"थांबा. परत घेते."

थांबलो.
शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत होता,
मीही खोकलो असतो, पण दाबून धरला.

"तुम्ही झोपा आता," ती म्हणाली,
"मी हाय हितं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आलो.
फूल मान टाकून लोंबत होतं,
पिळून ठेवलेल्या पंचासारखं.
गच्चीवर चटई तशीच,
तांब्या तसाच.
मी काही विचारलं नाही.
तिनं उजवा अंगठा पुढं केला.
"लई जवळ गेले. निघंना झालाय."

चष्मा चढवला.
तिचा हात उन्हात धरला.
पहिल्यांदा चिमटा घसरला,
दुसऱ्यांदा पापणी लवली,
हात माझाच थरथरला, तिचा नाही.
तिसऱ्यांदा निघाला:
सोनेरी, केसाएवढा, दिसेल न दिसेल.

तिनं तळव्यावर घेऊन तो नीट पाहिला.
"एवढासाच?" म्हणाली,
आणि चहा टाकायला खाली गेली.