आईचं नाव आधी

वही नंबर तीन. अजनी, रेल्वे क्वार्टर.
जानेवारीतली सकाळ. उद्या उमलणारी कळी
बाबा आजच बोटांनी उलगडतात,
पाकळ्या काढून शर्टाच्या खिशात टाकतात.
त्या खिशाला ड्युटीवरही वास यायचा.
मालधक्क्यावर संत्र्याच्या पेट्या मोजताना
हमाल विचारत, हेडाऊबाबू, लग्नाहून आले का?
मग भुवया कोरायचा चिमटा,
पुंकेसर खुडायचे, एकही मागे न ठेवता.
दुसऱ्या दिवशी बारीक कुंचला,
काडेपेटीत सुकवलेला पिवळा पराग,
आणि वरून आईने शिवलेली मलमलची टोपी.

मी नऊ वर्षांची. माझं काम लिहिणं.
"आईचं नाव आधी," बाबा सांगत,
"मग फुली, मग बापाचं.
जिच्या पोटात बी धरतं ती आधी.
जगभर असंच लिहितात."
मी लिहायची.
शाळेच्या वहीवर मात्र माझ्या नावापुढे
शेषराव, मग हेडाऊ.
तेव्हा विचारलं नाही.

बाबांना गुलाबांची कुळं तोंडपाठ.
जेवताना सांगत,
चीनमधली काही रोपं कलकत्त्याच्या बागेत उतरली,
पुन्हा जहाजात चढली, खाऱ्या वाऱ्याने बरीचशी मेली,
उरली त्यांनी विलायतेतल्या गुलाबांना
बारा महिने फुलायला शिकवलं.
"त्याआधी तिकडचे बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे, बाप्पा!"
आई वरण वाढत म्हणाली,
"बाकीचे अकरा महिने सुट्टी तर होती."

त्यांना पाहिजे होता एकच.
मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
कूलरचं पाणीही तापलेलं असताना
ज्याची पाकळी कडेने करपणार नाही असा.
तेरा वर्षं.
फळं पिकायच्या आत उन्हाने गळायची.
हाती लागलेल्या बिया ओल्या वाळूत, फ्रिजमध्ये,
संत्रा बर्फीच्या डब्याशेजारी.
बेबीमावशीने एकदा चिमूटभर तोंडात टाकली,
आणि वर्षभर आमच्याकडे चहासुद्धा घेतला नाही.
दोन हजार एकशे चाळीस रोपं.
भुरी आलेली, काळे ठिपके पडलेली, बिनवासाची,
मान टाकणारी.
बाबा उपटत. मी रडायची.
"गुलाब करणं म्हणजे जास्ती करून उपटणंच," म्हणत,
आणि पुढच्या वाफ्याकडे सरकत.

चौसष्ट-ब वाचला.
आई: गावठी गुलाबी, गोळीबार चौक.
म्हणजे माझ्या आजोळी, मागाच्या खोलीमागे,
फुटक्या रांजणात वाढलेला. कुणी लावला, माहीत नाही.
धोट्याची खटखट ऐकत फुलायचा.
बाप: या रकान्यात शाई सांडली आहे.
ती मीच सांडली.

प्रदर्शनात तिसरं बक्षीस, स्टीलचा डबा.
त्या रात्री कुणीतरी डोळे असलेली एक काडी कापून नेली.
बाबा म्हणाले, नेऊ दे. लावील तर.
आमचं झाड मात्र क्वार्टर सोडताना
मुळं उघडी पडून मेलं.

परवा वर्धा रोडच्या नर्सरीत
काट्यांवरून ओळखला मी त्याला.
खाली वळलेले, मांजरीच्या नखांसारखे.
मे महिना. दुपारचे दोन. पाकळी शाबूत.
"हा ना ताई, डबल कलर. पुण्याचा माल आहे.
उन्हात बी नाही जळून राह्यला, पाहा."
साठ म्हणाला. मी घासाघीस केली.
पन्नासला दिला.

घरी येऊन पत्र्याची पाटी कापली, वही काढली.
पाऊस, शेणखत, करंजीची पेंड, कोणत्या खुंटावर कधी डोळा भरला,
तेरा वर्षांचं सगळं आहे.
टोप्या कुणी शिवल्या, कुठेच नाही.
पाटीवर लिहिलं: पार्बता,
मग फुली.
पुढची जागा तशीच ठेवून
पाइप लावायला उठले, नळ आला होता.