खाणीतला ग्रह

जांभ्याची खाण, खानापूरच्या अलीकडे. हाच ग्रह.
भाडं म्हणून मेंबराच्या पोराला एक डायलॉग.

भरमाच्या अंगावर चंदेरी ताडपत्री,
डोक्यावर फरसाणाची बरणी,
पाठीला नागोजीच्या गॅरेजातलं
रिकामं सिलिंडर.

“इथं हवा नाही,” म्हणाला,
आणि गुडघ्यांवर आला.
बरणी आतून पांढरी.
हात असे मारत होता की
वाटलं, तालमीत कुठं लपवलं होतंस हे, लेका?

कॅमेरा चालू.

शेळ्यांमागून बाळव्वा आली, थेट फ्रेममध्ये,
कन्नडातून आमचा उद्धार करत
बरणी उपसली तिनं.
भरमा घटाघटा हवा प्याला.

शॉट ठेवलाय.
फक्त सुरुवातीचं ते वाक्य,
या ग्रहावर कुणी राहत नाही,
तेवढं काढायला लागतंय.