ऐनवेळचा विषय

विषय क्रमांक सात: हेस्टवाय बेटावरची शाळा बंद करणे.
सूचक, अनुमोदक, मग चर्चा.
मी लिहीत होतो. तेच माझे काम,
एकवीस वर्षे, चार महापौर, खुर्ची एकच.

बाहेर दुपारी दोनलाच काळोख.
सूर्य गेल्या आठवड्यात गेला, येईल जानेवारीत.
त्यावर कुणी ठराव मांडत नाही.

हेस्टवायला मुले नऊ.
गुन्वोर नेस्बाक त्याच बेटाची, त्याच शाळेतली,
सकाळी कारखान्यात कॉड चिरायची
आणि रात्री आमच्या फायली वाचायची.
मी आहे तोवर शाळेला हात लागणार नाही,
असे तिच्या पत्रकावर होते, लाल अक्षरांत.
एक प्रत अजून माझ्या कपाटात आहे.

अंदाजपत्रकाला भोक एक, बोळे दोन:
शाळा,
नाहीतर वृद्धाश्रमातली रात्रपाळीची नर्स.
गुन्वोरने विचारले, "रात्री कुणी पडलं तर?"
प्रश्न मी इतिवृत्तात घेतला.
नंतरचा मिनिटभर काय घेणार?

हात वर करा, महापौर म्हणाले.
मी मोजले. दहा.
मग तिचा, कोपरापासून सावकाश,
बाही ओली असावी तसा.
बोटाला पट्टी, काटा लागलेला.
अकरा विरुद्ध दहा. ठराव बहुमताने मंजूर.

मागच्या बाकावर तिची बहीण होती, हेर्बोर,
सहा वर्षांच्या पोराला घेऊन.
तिने त्याच्या कोटाची बटणे लावली,
खालून वर, एकेक,
आणि दार न आपटता गेली.

ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने.
इथे एरवी नुसत्या खुर्च्या सरकतात.
गुन्वोर उभी राहिली.
"हेस्टवायच्या धक्क्यावरचा दिवा सप्टेंबरपासून बंद आहे.
आता मुलं सहा चाळीसच्या बोटीला तिथं उभी राहणार."
कुणीतरी हसले. महापौर म्हणाले,
बांधकाम खात्याकडे पाठवू.
"पाठवू नका. कोण जाणार, कुठल्या दिवशी, ते लिहा."
हे ती माझ्याकडे बघून म्हणाली.

मी लिहिले: स्टाइनार, गुरुवार, शिडीसह.
महापौरांकडे सहीला दिले तेव्हा
त्यांनी शिडीवर चष्म्यातून एकदा पाहिले
आणि राहू दिली.

संध्याकाळची बोट एकच.
चाळीस मिनिटे पाणी.
दोघी बहिणी त्याच बोटीने गेल्या असणार,
आतल्या बाकावर शेजारी,
की एक आत, एक बाहेर कठड्याशी,
मला माहीत नाही.