मालक, पूर उतरला

मंडईच्या दिवसांत माझं घर म्हणजे टेम्पो.
दोन बॉक्स, चार माईक, एक मिक्सर
आणि तीन नंबरच्या माईकची वायर,
सात वर्षांपासून काळ्या टेपवर जगणारी.
खर्रर्र झालं की मी हलवतो.
लोक म्हणतात, चालते.
मीही म्हणतो, चालते.

आमच्या कंपनीत शालिक दोनाडकर.
दिवसा राइस मिलमध्ये कोंड्याची पोती,
रात्री तिसऱ्या अंकात मालगुजाराचा गडी.
डावीकडून यायचं,
‘मालक, पूर उतरला’ म्हणायचं,
उजवीकडून जायचं.

तेव्हा तीन वाजलेले असतात.
अर्धं गाव ब्लँकेटात,
पोरं आयांच्या मांडीवर, बाया एकमेकींना टेकून,
आणि कापलेल्या धानाच्या बांधीत
शेंगदाणेवाल्याचा कंदील तेवढा जागा.
हिरोचा आवाज मी एको देऊन मोठा करतो,
हिरोईन नागपूरची, तिला नवा माईक.
शालिकसाठी माझ्याकडे बटण नाही.

त्याला मात्र मी ऐकलंय कुठे कुठे:
मिलमागे कोंड्याच्या ढिगाशी,
बोडीच्या पाळीवर,
सायकलवर, चढ लागला तरी.
मालक, पूर उतरला.
मालक… पूर, उतरला.
कधी ‘मालक’ एवढं हळू
की पाण्यातली म्हैस कान टवकारी.
बायको म्हणायची,
“घरात मीठ सरलं तं याले दिसत नाई,
पूर मात्र रोज उतरवते.”

एकदा मीच म्हटलं, “शालिकभाऊ, तीनच तं शब्द हायेत.”
तंबाखू मळता मळता त्याचा अंगठा थांबला.
“आयक. मालकाचा पोरगा गेला नं पुरात.
पूर हाये तंवर मालक म्हन्ते,
बसला असंन कोन्या झाडावर.
पूर उतरला म्हन्जे आता पाहाले जा लागते.
मंग मी बातमी चांगली आनतो का वाईट?”
मला काय माहीत.
“मलेबी नाई,” तो म्हणाला. “अकरा वर्सं झाली.”

यंदा पालांदूरला, पौषातल्या एका रात्री,
धुकं एवढं की पडद्यावरचा वाडा ओला.
शालिक आला.
‘मालक’ म्हणाला.
आणि मग काहीच नाही.
विंगेतून प्रॉम्प्टर फुसफुसला: पूर, पूर.
मला वाटलं वायर गेली, बोट बटणावर गेलं.
वायर शाबूत होती. तो थांबला होता.
त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं,
चिखलाने कुणाची ओसरी भरवल्यासारखं,
आणि चहा झाला सांगावं इतक्या साध्या आवाजात
म्हणाला, ‘पूर उतरला.’

नेमकं ‘उतर’वर माझ्या माईकने खर्रर्र केलं.

मालगुजार झालेले नाकाडे गुरुजी पुढचं वाक्य विसरले.
शेकोटीजवळचा एक म्हातारा उठून बसला,
टोपी काढली, मांडीवर ठेवली.
बाकी पालांदूर झोपलेलंच होतं.

पहाटे बॉक्स चढवताना मी म्हटलं,
“आज जमलं, भाऊ.”
“‘मालक’ घाईत गेला,” तो म्हणाला,
“सोमवारी मोहाडीले पाहू.”
खर्रर्रबद्दल अवाक्षर नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

घरी आलो, झोप आली नाही.
अंगणात सोल्डरिंगची कांडी तापत ठेवली,
सात वर्षांची टेप सोलली.
आत तांब्याचे तीन केस धड, बाकी हिरवे.
जोडलं. नीट बसलं नव्हतं, तोडलं.
पुन्हा जोडलं.
मुलगी बाजूला उकिडवी बसून विचारत राहिली,
आज का, आजच का.

टेस्टिंगला मी नेहमी हॅलो हॅलो म्हणतो.
आज माईक तोंडाशी धरला,
म्हटलं, मालक…
आणि थांबून पाहिलं,
किती वेळ थांबता येतं.